पाखरे परीक्षा घेत नाहीत

वाचकहो, घरात विस्मरणाचा आजार शिरला, की येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : "मला ओळखलंत का?" प्रश्न मायेचा असतो, परंतु ज्याला तो विचारला जातो, त्याच्या मुद्रेवर परीक्षेला बसलेल्या मुलाची धास्ती उमटते. माझे यजमान ७८ वर्षांचे आहेत. गेली चार वर्षे ही धास्ती मी जवळून पाहते आहे. ती जिथे उमटत नाही, अशी एक जागा आम्हांला पुण्यात लाभली. तिच्याविषयी आपणांशी चार शब्द बोलावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

मुळा आणि मुठा यांच्या संगमानंतर नदी पूर्वेकडे वाहू लागते आणि बंडगार्डनपाशी बंधाऱ्यामुळे तिचे पात्र संथ, रुंद होते. काठी जुने उद्यान आहे. शेजारी फिट्झगेराल्ड पुलाच्या दगडी कमानी. पैलतीरी, प्रवाहाच्या दिशेने थोडे पुढे, डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य. नदी निर्मळ नाही, हे आधीच सांगते. शहराचे सांडपाणी तिच्यात मिसळते, जलपर्णी माजते, कधी दुर्गंधीही येते. तरीही हिवाळ्याच्या सकाळी लांब गुलाबी पायांचे शेकाटे उथळ पाण्यात चरत असतात, जलपर्णीवर वंचक ध्यानस्थ उभा असतो, हळदीकुंकू बदके जोडीने पोहतात आणि टिबुकली एका जागी बुडी मारून भलतीकडेच वर येते. पावसाळा ओसरला, की उत्तरेकडून धोबी येतात आणि काठच्या दगडांवर शेपटी हलवीत वावरतात.

पक्षिनिरीक्षकांत एक मोठी सोय आहे. नाव न आठवणे तेथे कोणालाही कमीपणाचे वाटत नाही. मुरलेला निरीक्षकही शेजाऱ्याला विचारतो, "हा कोणता हो?" मग चोच कशी, पाय केवढे, शेपूट हलते का, अशी वर्णने सुरू होतात. यजमानांना नाव सापडत नाही, पण वर्णन अचूक साधते. "अगं, तो बघ, काळा, पंख वाळत घातल्यासारखा बसलाय," असे ते म्हणतात आणि मी म्हणते, "पाणकावळा." दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा घडते. त्यात कोणाचेच काही बिघडत नाही.

एका डिसेंबरात टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. हे थांबले आणि म्हणाले, "आमच्या रानात उघड्या ढेकळांत अंडी घालायची. वडील तेवढी जागा सोडून नांगर वळवून न्यायचे." आमच्या लग्नाला ४९ वर्षे झाली, ही हकीकत मी प्रथमच ऐकली. जुन्या आठवणी बहुधा नव्या आठवणींपेक्षा अधिक काळ टिकतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी उमगला. घरी येऊन मी ती वहीत उतरवली. त्यानंतर त्यांनी ती मला अनेकदा सांगितली आहे. अलीकडे तिच्यातला नांगर गळला आहे. अंडी मात्र शाबूत आहेत.

म्हणूनच सांगते, पाखरांनी हा आजार बरा होतो, असा माझा दावा नाही. तो पुढे सरकतोच आहे. मात्र लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पक्षी दिसल्यावर वा ऐकू आल्यावर मनाचे स्वास्थ्य सुधारलेले आढळते आणि तो परिणाम काही तास टिकू शकतो, असे दिसून आले. नदीवरून आल्यावर हे शांतपणे जेवतात, हा माझा अनुभव. आणि ती पाऊण तासाची सकाळ माझीही असते, हे शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी विशेष ध्यानी घ्यावे. त्या वेळात मी औषधे मोजत नाही.

आणखी एक गोष्ट नदीकाठीच ध्यानात आली. भारद्वाजाचा खोल हुंकार यांना ऐकू येई. शिंजिराची बारीक किलबिल मात्र नाही. वयोमानाने श्रवणशक्ती घटते, तेव्हा बारीक, उंच पट्टीचे स्वर आधी हरपतात. आम्ही कान तपासून घेतले आणि श्रवणयंत्र आणले. श्रवणदोषाकडे दुर्लक्ष करू नये. विस्मरणाच्या आजाराचा धोका वाढविणाऱ्या, परंतु उपाय करता येण्याजोग्या कारणांत लॅन्सेट आयोगाने त्याची गणना केली आहे.

आपण निघणार असाल, तर काही सूचना. चालताना वर पाहू नये. थांबावे, आधार धरावा, मगच मान उचलावी. मान फार वेळ मागे वाकवून ठेवल्यास भोवळ येऊ शकते, म्हणून पाण्यावरचे पक्षी वृद्धांना अधिक सोयीचे. दुर्बीण ८×३२ मापाची, हलकी घ्यावी. दहापट मोठे दाखवणारीत हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. चष्मा असल्यास दुर्बिणीच्या डोळ्यांकडील रबरी कडा दुमडून घ्याव्यात. मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. शेवाळलेल्या घाटावर उतरू नये.

ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नाही, त्यांची खुर्ची गॅलरीत न्यावी. बुलबुल, दयाळ आणि शिंजीर कुंडीतल्या झाडावरही येतात. कबुतरांना मात्र दाणे घालू नयेत. त्यांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना अपायकारक ठरते. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो; पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या, तर अखेरचा सालिम अली यांच्या जन्माचा. आरंभासाठी तो काळ उत्तम, कारण तोवर पाहुणे पक्षी आलेले असतात. सोबत एक वही अवश्य ठेवावी. तीत पक्ष्यांची नावे लिहावीत आणि त्यांच्या निमित्ताने आपले माणूस जे बोलेल, तेही त्याच दिवशी लिहून ठेवावे.