एकवीस प्रश्न

‘कॉम्बिनेशन लॉक’ हे नाव गणिताच्या दृष्टीने चुकीचंच. आकड्यांचा क्रम बदलला तर कुलूप उघडत नाही, म्हणजे ते खरं तर परम्युटेशन लॉक! वर्गात हा विनोद चालून जातो. घरातलीच तिजोरी अडून बसते तेव्हा मात्र हसू येत नाही, मित्रांनो.

आमच्याकडे आजोबांची जुनी लोखंडी तिजोरी आहे. किल्ली नाही, ० ते ९९ आकड्यांची डायल. आत तीन चकत्या, प्रत्येकीला एक खाच. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की पट्टी त्यात पडते आणि दाराचा बोल्ट सरकतो. डायल कुठल्या दिशेला किती वेळा फिरवायची हे बाबांना पाहून पाहून पाठ होतं. आकडे मात्र फक्त आजोबांच्या डोक्यात!

डिसेंबरात आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, याला अफेजिया म्हणतात. समोरच्याचं बरंचसं कळतं, पण शब्द बाहेर येत नाहीत. बिल भागवायला घर तारण ठेवायचं ठरलं. बँकेला मूळ खरेदीखत हवं, आणि ते तिजोरीत.

काका म्हणाले, “गॅस कटर आणू.” कुलूपवाल्याने हात जोडले. कटरच्या आचेने आतले कागदच करपायचे. तो ड्रिल मारायला तयार होता, पण अशा तिजोरीत कुलपासमोर कडक पोलादाची पाटी असते, आणि काहींत धक्का बसला की जादा खिटी पडून दार आणखी घट्ट बसतं. “आधी आकडे शोधा, मी शेवटचा उपाय,” म्हणाला.

आता तीन आकडे म्हणजे १०० × १०० × १००, दहा लाख शक्यता. रिचर्ड फाइनमनने १९८५ च्या ‘शुअरली यू आर जोकिंग, मिस्टर फाइनमन’ या पुस्तकात लॉस अलामॉसमधल्या तिजोऱ्यांचे किस्से सांगितलेत. तिथल्या कुलपांना दोन आकडे इकडेतिकडे चालायचे, त्यामुळे दहा लाखांचे झाले ८०००. तारीख ठेवली असेल तर फक्त १६२! एका सहकाऱ्याने तर e ची किंमतच ठेवली होती, २७-१८-२८. मीही घरातले सगळे वाढदिवस, लग्नाची तारीख, नोकरीला लागल्याचं साल लावून पाहिलं. तिजोरी ढिम्म.

हे सगळं आजोबांच्या खाटेशेजारीच चाललं होतं. एकदा आजी म्हणाली, “हळू बोला रे. ते ऐकतायत सगळं.”

तेव्हा ट्यूब पेटली. डेटा स्ट्रक्चर्समध्ये घोकलेला बायनरी सर्च! शंभर आकड्यांतला एक शोधायला ‘हो-नाही’चे सात प्रश्न पुरतात, कारण २ चा सातवा घात १२८. तीन आकड्यांना एकवीस. आजोबांचा डावा हात हातात घेतला. “आजोबा, पहिला आकडा ५० किंवा त्याहून मोठा आहे? हो असेल तर हात दाबा.” आकडा कागदावर मोठा लिहूनही दाखवला. क्षणभर काहीच नाही. मग हात दाबला गेला. चांगला घट्ट.

पुस्तकातल्यासारखं सरळ काही झालं नाही. आजोबा दमायचे, मग उत्तरं चुकायची. म्हणून प्रत्येक प्रश्न उलटा करूनही विचारायचो. दोन्ही उत्तरं जुळली तरच पुढे. दिवसाला एकच आकडा, तोही सकाळी. चौथ्या दिवशी बाबांनी डायल फिरवली आणि मूठ खाली गेली. आजी देवापुढे साखर ठेवायला धावली.

कागद मिळाले, बँकेचं काम झालं. पण मला वेगळंच जाणवलं. घरात महिनाभर ‘आजोबांचं काय करायचं’ हीच चर्चा होती, आणि त्यांना स्वतःला कुणी काही विचारलंच नव्हतं. आता आम्ही विचारतो. चहा हवा? खिडकी उघडू? बातम्या लावू? हात दाबला की हो.

आकडे इथे छापणार नाही, हॉस्टेलमधली मंडळी भलतीच हुशार आहेत! पण ते आकडे आजोबांनी का निवडले हे अजून कुणालाच कळलेलं नाही. ते ‘हो-नाही’त मावत नाही. स्पीच थेरपी चालू आहे. परवा फोनवर “ये” एवढं म्हणाले. बाकीचं त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.