वापरलेल्या पाण्याची जबाबदारी

आपल्या वसतिगृहाने आम्हांला पाणी जपून वापरायला शिकविले. वापरलेले पाणी पुढे कोठे जाते, हे मला घरी कळले. माझे वडील गटारे आणि मैलाटाक्या साफ करण्याचे काम करीत. सुटीत घरी गेलो की त्यांच्या हातांचा वास साबणानेही जात नाही, हे जाणवे. त्यामुळे सांडपाणी हा माझ्यासाठी केवळ पर्यावरणाचा विषय कधीच नव्हता.

आज मी दिव्यात राहतो. उत्तरेला उल्हास नदीची खाडी, काठाला तिवरांची झाडी आणि रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना दाटीने उभ्या चाळी व इमारती. येथील नाले शेवटी खाडीलाच मिळतात. तिवरांच्या मुळांशी पाणी संथ होते, गाळ थांबतो आणि चिखलातील जिवाणू घाणीचे विघटन करतात. निसर्गाच्या या सोशिकपणाला मर्यादा आहे. पण त्याची रीत आपल्याला उचलता येते.

जर्मनीत केटे झायडेल या संशोधिकेने 1950 च्या दशकात पाणवनस्पतींच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग केले. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ पद्धत विकसित केली. तिची रचना समजण्यास सोपी आहे. मैला व गाळ आधी टाकीत तळाशी बसतो. वरचे पाणी खडी भरलेल्या वाफ्यात सोडतात. त्यात कर्दळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पती लावलेल्या असतात. पाणी खडीच्या आतून वाहत असल्याने डासांना थारा मिळत नाही. खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू सेंद्रिय घाण खातात. मुळे त्यांना थोडा प्राणवायू पुरवितात. जमिनीला उतार असेल तर विजेचीही गरज पडत नाही. बाहेर येणारे पाणी पिण्याजोगे नसते, मात्र झाडांना उपयोगी पडते.

यासाठी माणशी साधारण एक ते तीन चौरस मीटर जागा लागते. दिव्याच्या चाळीत ती मिळणे कठीण. निवासी शाळेच्या आवारात मिळू शकते. वाढलेली झाडे वेळोवेळी कापावी लागतात, खडी तुंबू नये म्हणून लक्ष ठेवावे लागते. टाकीतला गाळही ठरावीक काळाने उपसावा लागतो आणि तो यंत्रानेच उपसला पाहिजे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा मैलाटाकीत उतरविण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. कर्दळ कितीही फुलली, तरी टाकीत माणूस उतरणार असेल तर ती व्यवस्था माझ्या दृष्टीने अशुद्धच.

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आपल्याला पाण्याचा हक्क मिळवून दिला. भिक्खूंच्या पातिमोक्खात, आजारी नसताना पाण्यात मलमूत्र किंवा थुंकी टाकू नये, असा नियम आहे. हक्कासोबत येणारी जबाबदारी त्यात स्पष्ट दिसते. आपल्या घाणीचा भार दुसऱ्या कोणाच्या जातीवर, कोणाच्या हातांवर टाकायचा नाही, हाही त्याच शिकवणुकीचा भाग मी मानतो.

माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी मिळून शाळेच्या आवारात असा एक वाफा उभारावा, ही माझी विनंती आहे. त्याची निगा मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली पाळीपाळीने राखावी. आपण वापरलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हे त्यांना पुस्तकाबाहेर, डोळ्यांनी पाहता येईल.