डिकी नसलेल्या गाडीची सफर

आपल्या कोकणी घरांत सफर ठरली की आधी सामान दाराशी येतं, मग गाडी. बर्मिंगहॅमला आमच्या भाईंकडे गेलो तेव्हा उलटं झालं. त्यांनी दोन दिवसांसाठी मॉर्गन गाडी भाड्याने घेतली आणि सामानालाच गाडीच्या मापात बसावं लागलं.

मॉर्गन गाड्या वूस्टरशरमधल्या माल्व्हर्न गावी बनतात. एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ साली तीन चाकी गाडीपासून सुरुवात केली. चार चाकांची १९३६ साली आली. बॉनेट लांबलचक, छत कापडाचं, सीट दोनच. पत्र्याच्या आत अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो आणि तो आजही कारागीर हातांनी जुळवतात. कारखाना पाहता येतो; शिक्षकाच्या नजरेला तो सुतारकामाच्या वर्गासारखाच वाटतो.

पण या गाडीला डिकी नाही. सीटच्या मागे एक अरुंद जागा, तीही पूर्ण आपली नाही. खिडक्यांच्या काचा दारात उतरत नाहीत. त्या चौकटीसकट काढून मागेच ठेवायच्या. म्हणजे हवा छान असेल त्या दिवशी सामानाला जागा आणखी कमी! बाहेर मागच्या बाजूला कॅरिअर असतं. त्यावर बॅग पट्ट्याने बांधायची, वर पाणी न शिरणारं कव्हर घालायचं आणि मागचे दिवे, नंबरप्लेट झाकली जाणार नाही हे पाहायचं. कडक सूटकेस इथे कामाची नाही. मऊ कापडी बॅग दाबून, वळवून बसते.

आमचं सामान असं ठरलं: प्रत्येकी एक जोड कपडे, एक पातळ जानमाज, चामड्याचे मोजे आणि भाभींचा डबा. मुसाफिराला अशा मोज्यांवर तीन दिवस-तीन रात्री मसह करता येतो, त्यामुळे थंडीत वाटेवरचा वजू सोपा होतो. लहान गावांत हलाल जेवण मिळेलच असं नाही, म्हणून शामी कबाब-चपातीचा डबा सोडणं शक्य नव्हतं.

“एवढंच नेणार? थंडी वाजली तर?” भाभींनी विचारलं.

“थंडीचे कपडे अंगावर राहतील, बॅगेत नाही,” भाई म्हणाले.

माल्व्हर्नच्या टेकड्या मागे टाकून लेडबरीला थांबलो. तिथलं लाकडी खांबांवर उभं असलेलं जुनं मार्केट हाउस पाहण्यासारखं आहे. पण बॅग उघड्या कॅरिअरवर, म्हणून एकाने पाहायचं, दुसऱ्याने गाडीजवळ थांबायचं. पासपोर्ट आणि पैसे तर कायम अंगावरच. पुढे हेरफर्डवरून वेल्सच्या हद्दीवरचं हे-ऑन-वाय. वाटेत गवतावर, आग्नेयेकडे तोंड करून, जोहर आणि असर जमा-कसर पढलो.

हे-ऑन-वाय म्हणजे जुन्या पुस्तकांचं गाव. रिचर्ड बूथ यांनी साठच्या दशकात इथे दुकान उघडलं आणि १ एप्रिल १९७७ रोजी गंमतीने गाव ‘स्वतंत्र राज्य’ जाहीर करून स्वतः राजा झाले. एका दुकानात प्लॅट्सचा १८८४ सालचा उर्दू शब्दकोश दिसला, नव्या छपाईतला. बाराशेहून जास्त पानं! उर्दू शिकवणाऱ्याने तो तिथेच ठेवून यायचा? आम्ही बराच वेळ तो हातात धरून उभे होतो. भाईंनी विचारलं, “याच्या बदल्यात काय काढणार?” सुदैवाने रात्री मुक्कामावर डबा रिकामा झाला. सकाळी भांडी एकात एक घातली, स्वेटर अंगावर चढवले आणि कोश सीटमागे बसला. बाकीची पुस्तकं दुकानातच राहिली.

असा प्रवास करायचा असेल तर आधी जागा मोजा, मग यादी करा. परतीच्या खरेदीसाठी थोडी जागा जातानाच मोकळी ठेवा. लहान मुलं किंवा वृद्ध सोबत असतील तर साधी मोठी गाडीच बरी. दोघांना मात्र ही गाडी एक गोष्ट चांगली शिकवते. दीनने मुसाफिराच्या चार रकाती दोन केल्या, ओझं हलकं केलं. आपणच बॅगा भरभरून ते पुन्हा जड करतो.