ज्वारीचं माहेर

चाळीस दिवस, तीन देश, दोन बॅकपॅक. सिंह पाहिले, हत्ती पाहिले, नदीत उड्या घेणारे हजारो विल्डबीस्ट पाहिले. आणि मग जानेवारीत, सेलूजवळच्या आमच्या रानात, एका रात्रीने अख्ख्या ट्रिपचा हिशोब नव्याने मांडायला लावला.

लग्नानंतर दोन वर्षं आम्ही दोघंही पैसे साठवत होतो, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. नवरा म्हणायचा फ्लॅटचं डाउन पेमेंट, मी म्हणायचे आफ्रिका. शेवटी एका शुक्रवारी अप्रेझलवरून त्याचा पार मूड गेलेला असताना मी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. तिकिटांकडे बघत तोच म्हणाला, "जाऊ दे, फ्लॅट कुठे पळून जातोय?" (हे वाक्य मी तारखेसकट लिहून ठेवलंय!) त्याने ऑफिसात बिनपगारी रजा टाकली. मी फ्रीलान्सर, माझी रजा नाहीतरी कायम बिनपगारीच असते.

मी मूळची परभणी जिल्ह्यातली. सेलूपासून थोडं आत आमचं गाव. काळी जमीन, घरची नऊ एकर शेती. गावाहून मुंबई गाठायची तर रेल्वेत अख्खी रात्र जाते आणि मुंबईहून नैरोबी विमानाने साधारण सहा तास! अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंग आफ्रिकाच जवळ हाय की बाई." आईला एकच काळजी, तिथं खायचं काय?

नदीकाठची मीटिंग

ऑगस्टच्या मध्यावर आम्ही मसाई मारात पोचलो. मारा म्हणजे टांझानियातल्या सेरेंगेटीचाच केनियातला शेजारी. माणसांनी मध्ये सीमा आखली, प्राण्यांनी ती मानली नाही. बारा-तेरा लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत झेब्रे आणि गझेल, पाऊस आणि गवत जिकडे असेल तिकडे वर्षभर फिरत असतात. जुलै ते ऑक्टोबर हे दिवस त्यांच्या मारा नदी ओलांडण्याचे.

आमची गाडी काठावर दोन तास उभी होती. समोरच्या तीरावर ही गर्दी! एक विल्डबीस्ट पुढे यायचा, पाणी बघायचा, मागे फिरायचा. त्याच्यामागे शंभर जण मागे फिरायचे. "सेम आमची मंडे मीटिंग," नवरा पुटपुटला. आणि मग कुणीतरी एकाने उडी घेतली. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही. पाणी, धूळ, ओरडा, काठावर पडलेल्या मगरी. फोटो काढायचं भान पाचव्या मिनिटाला आलं.

एका दिवसाची किंमतही सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. २०२४ पासून मारामध्ये जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी पर्यटकाला दिवसाला २०० डॉलर फी आहे. म्हणजे माणशी सतरा हजारांच्या घरात. राहणं, गाडी, खाणं वेगळं.

पैसे वाचवायला आम्ही दोन रात्री रिझर्व्हच्या बाहेर एका मसाई कुटुंबाकडे राहिलो. शेणामातीची बुटकी घरं आणि गुरांभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण. आमचा होस्ट पंचविशीचा, अंगावर लाल शुका, हातात स्मार्टफोन, आर्सेनलचा कट्टर फॅन. रात्री जेवण झालं आणि तो टॉर्च घेऊन निघाला. कुठे? तर गुरांजवळ बसायला. एक रात्र तो, एक रात्र त्याचे वडील. "तुम्ही सिंह बघायला येता," तो हसत म्हणाला, "आणि आम्ही सिंह येऊ नये म्हणून जागतो."

मी लगेच वही काढली. किती गुरं? झोप कधी घेता? भीती वाटत नाही? वडिलांचं वय काय? चार पानं भरली. त्याच्याकडूनच कळलं की माराच्या आजूबाजूला बऱ्याच मसाई जमीनमालकांनी आपल्या जमिनी एकत्र करून वन्यप्राण्यांसाठी भाड्याने दिल्या आहेत. त्यांना 'कॉन्झर्व्हन्सी' म्हणतात. पर्यटकांच्या पैशातून मालकांना ठरलेलं भाडं मिळतं. म्हणजे तुमच्या जमिनीवर सिंह फिरला तर निदान त्याचं काही हातात पडतं.

रिचर्ड तुरेरेची गोष्टही तिथेच निघाली. नैरोबी नॅशनल पार्कच्या कडेला राहणारा हा मसाई मुलगा. सिंह यायचे आणि गुरं मारायचे. सिंह हलत्या उजेडाला बिचकतात हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून अकरा-बारा वर्षांच्या वयात त्याने जुनी बॅटरी आणि बल्ब जोडून कुंपणावर आळीपाळीने लुकलुकणारे दिवे लावले. २०१३ मध्ये हे सांगायला तो टेडच्या स्टेजवर गेला. आमच्या इंजिनिअरसाहेबांनी त्याचं सर्किट तिथल्या तिथे कागदावर काढून बघितलं.

पोत्यातली ओळखीची बाई

तिथून टांझानिया. सेरेंगेटीचं गवत नुसतं बघत बसावं असं. मग गोरोंगोरो, सहाशे मीटर खोल ज्वालामुखीचं विवर आणि त्याच्या तळाशी सिंह, गेंडे, हत्ती. पण इथेही चित्र एवढं सोपं नाही. सेरेंगेटीतून मसाईंना बाहेर काढलं गेलं तेव्हा, १९५९ मध्ये, गोरोंगोरोत गुरांसह राहायची मुभा त्यांना दिली होती. आता तिथूनही त्यांना हलवणं सुरू झालं. २०२२ पासून कित्येक कुटुंबं शेकडो किलोमीटर लांब म्सोमेरा गावी गेली. सरकार म्हणतं ती स्वखुशीने गेली, अनेक मसाई म्हणतात तसं नाही. ब्रोशरमध्ये हे नसतं.

आणि मग अरुशाचा बाजार. केळी, शेंगा, कापडाचे तागे आणि एका पोत्यात लालसर, गोल, ओळखीचे दाणे. मी मूठभर हातात घेतले. ज्वारी! विकणारी म्हणाली, "म्तामा." शेजारी एक बाई थर्मासमधून 'उजी' विकत होती, त्याच म्तामाच्या पिठाची. पहिल्या घोटाला मी ओरडलेच, "अरे, ही तर आंबील!" आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

ज्वारी मूळची आफ्रिकेचीच. पूर्व सुदानात पाच हजार वर्षांपूर्वीच्या लागवडीचे पुरावे सापडलेत. तिथून समुद्रमार्गे ती इकडे आली आणि आपल्याकडे एवढी रुळली, की भाकरी म्हटलं की आपल्याला आपलंच गाव आठवतं. म्हणजे मी माझं माहेर सोडून ज्वारीच्या माहेरी आले होते!

पुढे झांझिबारमध्ये हा ओळखीचा खेळ चालूच राहिला. स्वाहिलीत गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', विम्याला 'बीमा' आणि चपातीला चक्क 'चपाती'. शेवटी झांबियात व्हिक्टोरिया धबधबा पाहून सप्टेंबरअखेर परत. वजन तीन किलो कमी, बँक बॅलन्स विचारू नका.

अण्णांचा हिशोब

जानेवारीत हुरड्याला गावी गेलो. आखाड्यावर आगटी पेटली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजली, आई हातावर चोळून गरम दाणे देत होती. मी अण्णांना लॅपटॉपवर फोटो दाखवत होते. सिंहाला ते "हं" म्हणाले. गझेलवर थांबले.

"हे तर हरीणच हाय."

"तसंच. आपल्या काळविटाचं नात्यातलं."

"ह्याला बघाया किती पैसे?"

मी सांगितलं. दिवसाला, माणशी, सतरा हजार. अण्णांनी आगटीत एक काडी सारली. "मंग माझ्या रानात रोज वीस-पंचवीस येतेत. त्याचे किती झाले?"

सगळे हसलो. मग अण्णांनी स्वेटर घातला, कानाला मफलर गुंडाळला, बॅटरी आणि काठी घेतली आणि निघाले. मी विचारलं, कुठे? "जागलीला. दोन महिने झाले की."

दोन महिने! मसाई तरुणाच्या जागरणाबद्दल मी चार पानं लिहून आणली होती. अण्णांना मात्र कधी एक प्रश्न विचारला नव्हता. फोनवर आमचं बोलणं तब्येत, पाऊस आणि "कधी येताव?" एवढंच.

त्या रात्री आम्ही दोघंही त्यांच्यासोबत गेलो. थंडी अशी की नवऱ्याने आफ्रिकेसाठी घेतलेलं जॅकेट पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने वापरलं. रानाच्या कडेने आईच्या जुन्या साड्या बांधलेल्या, हरणं बुजावीत म्हणून. हिरवी, जांभळी, माझ्या बारशातली पिवळी. अण्णा थोडं थोडं बोलत होते. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, पाखरं आणि हरणं वाटून खायची. आता सगळीकडे सोयाबीन, कापूस, हरभरा. ज्वारीचे दोन-चार तुकडे उरलेत, सगळी पाखरं त्यांच्यावरच पडतात. काढायला माणसं मिळत नाहीत. बैल विकले, मग कडबा तरी कुणासाठी? नुकसानभरपाईची सरकारी तरतूद आहे, पण "एका रातीत किती खाल्लं, ते दाखवायचं कसं?" १९७२ च्या कायद्याने काळवीट पूर्ण संरक्षित आहे, हे त्यांना माहीत होतं. कायदा नसता तरी त्यांनी हात उगारला नसता. "त्याला बी पोट हाय."

पहाटे तीनच्या सुमारास ती आली. टॉर्चच्या उजेडात आधी डोळे, मग पाठी. एक काळा नर, पीळदार शिंगं मागे टाकलेली. मारात आम्ही अशा क्षणासाठी तासन् तास थांबलो होतो. इथे मी श्वास रोखून बघत होते आणि अण्णा ओरडत धावत होते. दोन्ही एकाच वेळी. ती कळपाने उड्या मारत गेली, अगदी सुंदर, आणि जाता जाता वाफाभर ज्वारी आडवी करून गेली.

दुसऱ्या दिवशी नवरा सेलूला जाऊन एलईडी आणि मोटारसायकलची जुनी बॅटरी घेऊन आला. तुरेरेचं सर्किट आमच्या कुंपणावर लागलं. चार रात्री एकही हरीण नाही! पाचव्या रात्रीनंतर पुण्यात अण्णांचा फोन आला, "जावईबापूंना म्हनावं, हरणांला नाच लई आवडला." आता झटका मशीन घ्यायचं ठरतंय. त्याचे अर्धे पैसे आम्ही देणार. फ्लॅट अजूनही कुठे पळून गेलेला नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र अण्णा म्हणाले होते, पुढच्या साली ज्वारी बंद, सगळा हरभरा. मी त्यांना अरुशाचं पोतं सांगितलं, उजी सांगितली, पाच हजार वर्षं सांगितली. अण्णांनी एक कणीस मोडलं, तळहातावर दाणे चोळले, फुंकर मारली.

"लई लांबून आलीय म्हन की," ते म्हणाले. "बघू."

तुम्हीही निघताय?

• पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. सर्टिफिकेट जपून ठेवा, भारतात परतताना विमानतळावर मागतात. ते आयुष्यभर चालतं.

• केनियासाठी ऑनलाइन परवाना आधीच काढा.

• मारा नदीचा थरार जुलै ते ऑक्टोबर. दक्षिण सेरेंगेटीत पिल्लांचा सीझन जानेवारी ते मार्च.

• बजेट नाही? डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे कुणाच्या तरी रानात हुरडा खा. पण रात्रीही थांबा. आणि राखण करणाऱ्याला चार प्रश्न विचारा.