अनामत

आमच्या रत्नागिरीकडच्या गावात भाड्याने राहणारा माणूस म्हणजे शाळेतला मास्तर नाहीतर बँकेतला साहेब. बाकी सगळ्यांची घरे वाडवडिलांची. त्यामुळे 'डिपॉझिट' हा शब्द आम्ही दोघांनी प्रथम ऐकला तो लग्नानंतर मुंब्र्यात. अकरा महिन्यांच्या करारासाठी तेव्हा सोन्याच्या दोन बांगड्या मोडल्या आणि कुणाला कळू दिले नाही. पुढे पोटापाण्यासाठी इंग्लंडला आलो, लँकेशायरमधल्या एका जुन्या गिरणगावात स्थिरावलो. तिथे बारा वर्षांनी तीच वेळ पुन्हा आली. या वेळी मोडायला बांगड्याही नव्हत्या.

२०१९च्या ऑगस्टमध्ये घरमालकाची नोटीस आली. दोन महिन्यांत घर रिकामे करा. कारण लिहिलेले नव्हते आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे लिहिण्याची गरजही नव्हती. अशी नोटीस रद्द करणारा कायदा संमत व्हायला २०२५ साल उजाडावे लागले. भाडे आम्ही एकदाही थकवले नव्हते. साठवलेले पैसे मात्र त्याच वर्षी अब्बांच्या बायपाससाठी गावी गेले होते.

नव्या घराचे भाडे महिना ६५० पौंड. त्या वर्षीच्या जूनपासून इंग्लंडमध्ये अशा घरांची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नव्हती. म्हणजे ७५० पौंड. वर पहिला महिना आगाऊ. १४०० पौंड एकरकमी आणायचे कुठून? व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही, हे आमच्या घरात ठरलेले. शेजारी म्हणाले, कौन्सिलकडे जा. आम्ही तीन आठवडे गेलो नाही. खोटे कशाला बोलावे? आम्हांला बेघर होण्यापेक्षा तिथे आपल्याला कोण बघेल याचीच धास्ती अधिक होती. मोहल्ल्यातल्या दोन घरची मुले त्याच कार्यालयात नोकरीला होती.

शेवटी गेलो. समोर एक वयस्क गोऱ्या बाई होत्या. तीन महिन्यांचे बँकेचे उतारे त्यांनी ओळ न् ओळ वाचले. "ही एवढी रक्कम भारतात कशासाठी गेली?" आम्ही इस्पितळाची पावती पुढे ठेवली. ती मराठीत होती. त्यांनी विचारले, आम्ही वाचून दाखवली आणि त्यांनी ती तशीच लिहून घेतली. इतका विश्वास आमच्या नातेवाइकांनीही दाखवला नव्हता.

मग त्यांनी सांगितले ते महत्त्वाचे. २०१८पासून लागू झालेल्या कायद्याने, घर जाण्याच्या छप्पन्न दिवस आधीपासून कौन्सिलला मदत सुरू करावीच लागते. "तुम्ही रस्त्यावर आलात तर तुम्हांला मुलांसकट हॉटेलात ठेवायचा खर्च आमच्यावर पडतो. काही आठवड्यांतच तो या अनामतीच्या पुढे जातो. तेव्हा लाजू नका, आम्ही आमचेही पैसे वाचवतोय." या हिशेबी बोलण्याने आमच्या मनावरचे ओझे जेवढे उतरले तेवढे कुठल्याही गोड बोलण्याने उतरले नसते.

त्या कौन्सिलचे दोन मार्ग होते. एक, रोख रकमेऐवजी हमीचा कागद. नुकसान झाले तर मालकाने कौन्सिलकडे मागायचे. दुसरा, मालकाला थेट रक्कम आणि आम्ही ती हप्त्याने फेडायची, बिनव्याजी. कागद घेऊन आम्ही चार घरे पाहिली. चारही मालकांनी नकार दिला. त्यांतला एक आमच्याच जमातीतला, ओळखीचा. "भाई, कौन्सिलचा माणूस नको," म्हणाला. कौन्सिलचा माणूस! कालपर्यंत त्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही वाढपी होतो.

पाचव्या घराला कर्जाची रक्कम चालली. पहिल्या महिन्याचे भाडे दोघांच्या पगारातून कसेबसे काढले. महिना २५ पौंडांचे तीस हप्ते डिसेंबरपासून सुरू झाले. २०२०च्या टाळेबंदीत काम बंद पडले तेव्हा त्याच बाईंनी तीन हप्ते पुढे ढकलून दिले. ऑगस्ट २०२२मध्ये शेवटचा हप्ता गेला. त्या दिवशी घरात बिर्याणी झाली. कशाबद्दल, हे मुलांना सांगितले नाही.

मग २०२३मध्ये पुतण्या बायकोला घेऊन शिकायला आला. त्याच्या व्हिसावर अट होती, सरकारी मदतीवर हक्क नाही. "चाचा, तुम्हांला दिली तशी मला नाही देणार?" त्याने विचारले. नाही देणार. आम्ही वीस मिनिटे चालून ज्या दारात गेलो ते त्याच्यासाठी बंदच होते. अखेर गल्लीतल्या बारा घरांच्या भिशीत आमचा नंबर होता, तो त्याला दिला. आमच्या मराठीतली अनामत म्हणजे मुळातली अमानतच, तेव्हा घेताना लाजू नकोस, हे त्याला सांगताना आम्हांला आमचेच तीन आठवडे आठवत होते.

त्याला घरात शिरण्याआधी त्या बाईंनी शिकवलेले सगळे करायला लावले. मालकाने अनामत तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवल्याचा कागद मागून घेतला. आणि स्वयंपाकघराच्या छतावर ओलीचा डाग होता, त्याचे तारखेसकट चार फोटो आम्ही स्वतः स्टुलावर चढून काढले.