देवडीवरचा दरवान
पन्नाशीनंतर मनुष्याने नवी विद्या आरंभू नये असे म्हणतात. आम्ही त्या वयात एक जुनी विद्या आरंभिली. १९८६ साली विक्रीस आलेले मॅकिन्टॉश प्लस नावाचे यंत्र मोडीच्या भावात आमच्या हाती लागले, आणि त्यावर स्वहस्ते एखादा प्रोग्रॅम लिहावा अशी बुद्धी आम्हांस झाली. यंत्राची स्मृती अवघी एक मेगाबाइट! आमच्या पुतण्याच्या खिशातील फोनला हा आकडा ऐकून हसू यावे. परंतु जे यंत्र लहान, ते पुरते समजण्याचा संभव तरी असतो, ही आमची समजूत होती.

पहिलाच धडा आमचा अभिमान उतरविणारा ठरला. कॉलेजात शिकलेल्या फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम हा यजमान असे. त्याच्या क्रमाने सारे चाले. येथे मात्र प्रोग्रॅमने दुकानदारासारखे गल्ल्यावर बसून राहावयाचे, माऊस दाबला काय, कळ दाबली काय, खिडकी पुन्हा रंगवावयाची काय, असे यंत्रास सारखे विचारावयाचे, आणि गिऱ्हाईक मागेल ते द्यावयाचे. हे वळण अंगी बाणण्यास दोन महिने लागले.

खरी कसोटी पुढेच होती. त्या एका मेगाबाइटात सर्वांना जागा पुरावी म्हणून हे यंत्र आपल्या स्मृतीतील बिऱ्हाडे हवी तेव्हा हलविते. एखाद्या वाड्याच्या मालकाने मोठ्या कुटुंबासाठी सलग खोल्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून इतरांस इकडून तिकडे सरकवावे, तसेच. म्हणून प्रोग्रॅमला खोलीचा क्रमांक न देता देवडीवरच्या दरवानाचा पत्ता देतात. याचे नाव हॅण्डल. दरवान हलत नाही. बिऱ्हाड आज कोठे आहे हे तो सांगतो. एकदा विचारलेला क्रमांक पाठ करून ठेवावा आणि मध्यंतरी बिऱ्हाड हलावे, म्हणजे आपण परक्याच्या घरात शिरलोच. कोणत्या आज्ञेने बिऱ्हाडे हलू शकतात याची लांबलचक यादी ‘इन्साइड मॅकिन्टॉश’ या ग्रंथात दिलेली आहे. ती आम्ही वाचली होती. वाचणे निराळे!

आमचा प्रोग्रॅम होता ग्रंथांच्या यादीचा. तीर्थरूपांचे वय ब्याऐंशी. कोणते पुस्तक कोठे घेतले, कोणास वाचावयास दिले, हे सारे त्यांच्या डोक्यात. आणि ते डोके अलीकडे थोडे थोडे रिते होऊ लागलेले. दहाबारा नोंदींनी परीक्षा घेऊन आम्ही यंत्र त्यांच्या स्वाधीन केले. यादी डिस्केटवर उतरविण्याची सोय पुढील रविवारी करू म्हणून राहिली होती. सबब ‘यंत्र बंद करू नका’ एवढी ताकीद दिली. दोन दिवस रोमन अक्षरे एकेका बोटाने शोधून त्यांनी नव्वदांवर नोंदी केल्या. यादी वाढली, शेजारी जागा उरली नाही, यंत्राने तिचे बिऱ्हाड हलविले, आणि आम्ही जुन्याच खोलीत लिहीत राहिलो. पडद्यावर बॉम्बचे चित्र व क्षमायाचनेचे एक वाक्य आले.

“हा गोळा कसला रे?” त्यांनी विचारले.

आम्हांस उत्तर देववेना. यंत्रास दोष देणे सोपे होते, आणि प्रथम आम्ही तो दिलाही. परंतु चूक एका ओळीची होती, व ती सर्वस्वी आमची होती. ती सापडण्यास तीन आठवडे गेले. दुरुस्ती मात्र पाच मिनिटांत झाली: दरवानास पुन्हा विचारावयाचे, एवढेच.

वडील पुन्हा बसले. पुस्तकांची नावे कपाटावरून मिळाली. पण शेऱ्याच्या रकान्यापाशी ते थबकत. “मागल्या खेपेस लिहिले होते खरे,” असे म्हणून ते पुढे जात. अकरा पुस्तकांपुढील रकाना कोराच आहे. आम्ही तो भरला नाही. आता प्रत्येक नोंद झाली की ते मान वर करून विचारतात, “ठेवलेस ना?” आणि आम्ही उठून, डिस्केटचा आवाज त्यांस ऐकवून, मगच होय म्हणतो.