घाण्यापूर्वीचे दिवस

गेथशेमाने या नावाचा अर्थ ‘तेलाचा घाणा’ असा आहे, हे आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकले आहे. घाण्यात चिरडल्या जाणाऱ्या जैतुनाच्या फळाचे रूपकही आपल्या परिचयाचे आहे. माझे मन मात्र त्याआधीच्या दिवसांत रेंगाळते. फांदीवरून उतरलेले फळ घाण्यात पडेपर्यंत कोठे आणि कसे असते? तेलाचे भवितव्य पुष्कळ अंशी तेथेच ठरून जाते.

तोडलेले फळ निर्जीव नसते. ते श्वसन करीत राहते आणि ऊब निर्माण करते. पोत्यात किंवा उंच ढिगात ही ऊब कोंडते. खालची फळे भाराने दबतात, त्यांना पाणी सुटते, आंबण्यास प्रारंभ होतो, बुरशी धरते. गरातले तेल आणि त्याचे विघटन करणारे विकर एरवी वेगवेगळे नांदतात. फळ ठेचले गेले की त्यांची गाठ पडते आणि तेलातली मेदाम्ले सुटी होऊ लागतात. शंभर ग्रॅम तेलात ती ०.८ ग्रॅमपेक्षा अधिक झाली, की ते तेल ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ या सर्वोच्च प्रतीतून बाद होते. वर्षभराची मशागत अशी काही दिवसांच्या ढिगात जाते!

हे ज्ञान नवे नाही. रोमन मुत्सद्दी केटो (मृत्यू इ.स.पू. १४९) याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात फळे साठवून न ठेवता शक्य तितक्या लवकर गाळण्यास बजावले आहे. घाणेकऱ्यांना ती पडून राहिलेलीच हवी असत, कारण मऊ पडलेले फळ गाळणे सोपे. शिवाय साठवणीत तेल वाढते, अशी समजूतही होती. फळातले पाणी उडाल्यामुळे टोपलीमागे तेल अधिक निघाल्यासारखे भासते, इतकेच. पहिल्या शतकात कोलुमेला याने ही समजूत खळ्यावर धान्य वाढते म्हणण्याइतकी खोटी ठरवली.

तरीही फळे पडून राहतच होती. स्पेनमध्ये घाण्याच्या आवारात शेतकऱ्यांच्या फळांसाठी ‘त्रोखे’ नावाचे कप्पे असत. पाळी येईपर्यंत माल तेथे थांबे. त्यावरूनच कुबट वासाच्या तेलाला स्पॅनिशमध्ये ‘आत्रोखादो’ म्हणतात. मला वाटते, येथे दोष शेतकऱ्याच्या आळसाचा नव्हता, रांगेचा होता. ज्याची पाळी शेवटी, त्याची हानी अधिक. वसईच्या वाड्यांतून केळी आणि विड्याची पाने शहरात पोचवणाऱ्यांना ही तगमग निराळी सांगावी लागणार नाही.

आता फळे हवा खेळणाऱ्या उथळ पेट्यांत भरतात आणि शक्यतो चोवीस तासांत गाळतात. विलंब अटळ असेल तर थंड खोलीत ठेवतात. त्याने बिघाड मंदावतो. बिघडलेले तेल शुद्धीकरणाने खाण्याजोगे करता येते, त्याचा कुबट वासही काढता येतो. फळाचा मूळ सुगंध मात्र परत येत नाही.

उत्तम तेलालाही प्रकाश, उष्णता आणि हवा मानवत नाहीत. द्राक्षारस मुरतो, तेल नुसते जुने होते. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम ८४७ मला यासाठी मोठे व्यवहारी वाटते: संस्कारांसाठी बिशपांनी नुकतीच आशीर्वादित केलेली तेले वापरावीत, गरजेवाचून जुनी वापरू नयेत आणि धर्मगुरूंनी ती काळजीपूर्वक जतन करावीत. तेल जैतुनाचे वा अन्य वनस्पतीचे चालते. आपल्या दमट, उष्ण किनाऱ्यावर त्या कुप्यांना सावलीतले कपाट आणि घट्ट झाकण हवे. कुपी अर्धी रिकामी झाली की वरच्या पोकळीतली हवा आपले काम सुरू करते.